गंजीत गेलेली सळई

परत तेच. वीज गेली की तुम्हा कार्ट्यांना भुतं आठवतात, आणि भुतं आठवली की मी आठवतो. एरवी दिवसभर आजोबा कुठे मेलेत याची चौकशी नाही. माझा गुडघा ठणकतोय, घसा बसलाय, आणि ही गोष्ट सांगितली की मला पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. पण तुम्हाला त्याचं काय!

सांगतो. मधे कुणी हसायचं नाही. आणि मोबाईलचा उजेड हनुवटीखाली धरून हूऽऽ करायचं नाही. गेल्या वेळी या धाकटीनं केलं होतं, मग रात्रभर स्वतःच आईला चिकटून झोपली. आणि ज्याला खोटं वाटेल त्यानं सुताराकडे जाऊन बसावं. तो सांगेल तुम्हाला, म्हातारा थापा मारतो म्हणून. त्याचा हिशेब मी शेवटी करणार आहे.

माझा भाचा. ढब्या. तुम्ही बघितलाय त्याला. कुठल्याही घरी गेला तरी कोपऱ्यात बसतो, आणि कापलेल्या गवताचा वास आला की न सांगता उठून जातो, तोच. पूर्वी असा नव्हता. बोलका होता, थोडा आळशी होता, आणि सगळ्यांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची त्याला खोड होती. छोटं छोटं खोटं. कुंपण केलं का? केलं. कोंबड्या मोजल्या का? मोजल्या. असलं.

उताराखालचं घर त्याचं. घराला लागूनच गोठा, मधे एकच भिंत. भिंतीच्या या बाजूला ढब्या, त्याची बायको आणि त्यांची चिमुरडी झोपायचे, त्या बाजूला दोन गाई. गाईंच्या पलीकडे, गोठ्याच्या निम्म्या भागात, वर्षभराच्या गवताची गंजी. पार आढ्याला टेकेल एवढी. गोठ्याची ऊब भिंतीतून खोलीत येते म्हणून ती खोली निजायला धरलेली. आता नीट ध्यानात ठेवा. गंजी, गाई, भिंत, पोरगी. या ओळीत.

त्या थंड उतारावर उन्हाळा पार ऑगस्टपर्यंत लांबतो, आणि तो सरला की माणसाला बसायला वेळ नसतो. लाकडं फोडून पावसाच्या आत रचायची, बटाटे काढून अंधाऱ्या खोलीत पसरायचे, खुराड्याच्या फटी बुजवायच्या, भोपळे देठासकट उतरवायचे. आणि सगळ्यात मोठं काम गवताचं. कापायचं, पसरायचं, उलटायचं, परत उलटायचं, खडखडीत वाळलं की आत आणून रचायचं. ओलं रचलं तर काय होतं, माहीत आहे? नाही ना? शाळेत काय शिकवतात कुणास ठाऊक. ओलं गवत दाबून रचलं की आतल्या आत तापतं. कुणी काडी लावावी लागत नाही. आठवडा, दोन आठवडे, महिनाभर कुजत तापत राहतं, आणि एके रात्री आपणहून पेटतं.

म्हणून ढब्याचा बाप सळई घालायचा.

ढब्याचा बाप म्हणजे माझे थोरले मेहुणे. गडी असा की वर्षभरात बोललेले शब्द एका थैलीत मावतील. माझी बहीण म्हणायची, याच्याशी संसार म्हणजे भिंतीशी भांडण. कामाच्या वेळी तर तोंड उघडायचेच नाहीत. गोठ्यात शिरताना तेवढं दोनदा खोकायचे. खॅक, खॅक. गाई दचकू नयेत म्हणून. मग स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली सळई घ्यायची. पुरुषभर लांब, एका टोकाला कडी. ती गंजीत घालायची, मनगट फिरवत फिरवत, पार कडीपर्यंत. दूध काढून होईतो आत ठेवायची. मग ओढून काढायची आणि टोक डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचं. गार असली तर परत खिळ्याला. गरम असली तर मध्यरात्र असो, पाऊस असो, सगळी गंजी उपसून अंगणात.

आणि दुसरं एक. रचून झालेल्या गंजीवर कुणी पाय ठेवायचा नाही. आत तापलेली असली तर मधलं गवत जळून पोकळी होते. वरून काही दिसत नाही. पाय पडला की माणूस आत. ढब्या लहानपणी एकदा वर चढला होता. बापानं एक शब्द न बोलता कान धरून खाली उतरवला आणि तसाच, कान धरूनच, घरात नेला.

ते मेहुणे एका हिवाळ्यात गेले. झोपेतच. भांडण नाही, इच्छा राहिलेली नाही, काही नाही. पुढचं गवत पहिल्यांदाच एकट्या ढब्यानं केलं.

आणि त्यानं काय केलं? वरच्या शेतातलं गवत वाळलं होतं चांगलं. पण ओढ्याकाठची पट्टी झाडांच्या सावलीतली, तिथलं वाळता वाळेना. आभाळ भरून आलं. बायको म्हणाली, "अहो, खालचं राहू द्या. गेलं तर गेलं."

"वाळलंय ते," हा म्हणाला.

"हात लावून बघितलंत?"

"बघितलं म्हणतो ना!"

ती पोरीला घेऊन घरात गेली. यानं ते ओलं गवत गंजीच्या मधोमध घातलं आणि वरून, बाजूनं, वाळलेलं रचलं. कुणाला दिसू नये म्हणून. पाहणारं कुणीही नव्हतं. हे त्याला एकट्याला माहीत होतं. एकट्याला. हेही ध्यानात ठेवा.

त्यानंतर रोज संध्याकाळी बायको विचारायची, सळई घातली का. हा घालायचा. पण हातभरच. बाहेरच्या वाळलेल्या गवतात. काढून मनगटाला लावायचा आणि घरात येऊन सांगायचा, "गार आहे." आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं, म्हणून तिथपर्यंत सळई जाऊच द्यायची नव्हती. माणूस असा असतो. दुखरा दात जिभेनं चाचपायचा नाही.

एवढं दिवसाउजेडीचं झालं. आता रात्रीचं.

चार वर्षांपूर्वी. सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार, रात्रीचे पावणेदोन. अमावस्या नुकतीच झालेली, चंद्राचा पत्ता नाही, वारा पडलेला. गाय हंबरायला लागली. दोनपैकी तांबडी, दिवस भरत आलेली. बायकोनं ढब्याला हलवलं.

"उठा. तांबडी विते बहुतेक. जाऊन बघा."

हा उठला. जांभया देत चप्पल शोधली, मोबाईलची बॅटरी लावली, गरम पाण्याला बादली उचलली. दारामागची सळईही घेतली. का घेतली म्हणून मी त्याला विचारलं. म्हणाला, "मामा, ठरवून नाही घेतली. वास येत होता म्हणून हात गेला." गेले दोन दिवस गोठ्यात गोडसर वास होता, तंबाखूसारखा. त्या रात्री तो करपट झाला होता. साखर करपल्यासारखा.

गोठ्यात शिरला तर गाय वीत नव्हती. दोन्ही गाई उभ्या. दावं ताणून, जेवढं लांब होता येईल तेवढं गंजीपासून लांब, दाराकडे तोंड करून. डोळे पांढरे. बॅटरीचा उजेड पडला तरी मान वळवेनात. खुराड्यात कोंबड्यांची साधी कुरकुरही नाही.

त्यानं सळई घातली. सवयीनं, हातभर. आणि तिथंच उभा राहिला.

तेव्हा गंजीच्या वरून आवाज आला.

खॅक... खॅक...

त्याच्या हातातली बादली पडली. ती गडगडत जाऊन थांबली. मग परत शांत. त्याला वाटलं घुबड असेल. मांजर असेल. मग वर गवत दबल्याचा आवाज. चर्र... थांबला... चर्र... कुणीतरी गंजीवर चालत होतं. घाई नाही. पाय कुठे टेकावा ते बघत बघत.

"कोण आहे?" हा म्हणाला. म्हणजे म्हणायला गेला. तोंडातून हवाच निघाली.

आणि वरून हाक आली.

"ढब्या..."

बापाचा आवाज. तोच, जाडा, खालच्या पट्टीतला.

गप रे. भिंतीला टेकून बस हवं तर.

"ढब्या... ओलं मधे घातलंस..."

हे तर कुणालाच माहीत नव्हतं. बायकोला नाही. मला नाही.

"वर ये. काढ ते... नाहीतर पोरगी जळेल."

भिंतीपलीकडे पोरगी झोपलेली. गंजी, गाई, भिंत, पोरगी. ती ओळ आता याच्या डोक्यात लागली. शिडी गंजीला टेकवलेली होती, आपल्या सुतारानंच केलेली. यानं शिडीवर पाय ठेवला.

काय म्हणालीस? बापानं वर चढू नको म्हणून शिकवलं होतं ना? हो, शिकवलं होतं. तू तिथे असतीस तर तुला आठवलं असतं का? भीती वाटली की सगळ्यात आधी अक्कल पळते. आणि पोरीचं नाव घेतलं की बाप माणूस विस्तवावरही चालतो. ते त्या गंजीवरच्यालाही ठाऊक होतं.

चढला. दातांत मोबाईल धरून. एक पायरी. आणखी एक. डोकं गंजीच्या काठावर आलं. त्यानं उजेड टाकला.

वर कुणी नव्हतं.

नुसतं गवत. सपाट. पण त्या गवतात खळगे पडत होते. आत्ता, त्याच्या डोळ्यांसमोर. एक पाऊल दबायचं... मग दुसरं... पुढे यायचं. पाऊल होतं. पाय नव्हता.

खळगे शिडीपासून हातभर अंतरावर येऊन थांबले. तिथून, त्याच्या तोंडासमोरून, वारा नसताना ऊन वाफ आली.

"ये..."

त्यानं गंजीवर हात टेकला. गुडघा उचलला.

आणि खाली... पायाशी...

खॅक. खॅक.

दुसरा खोकला. जमिनीवर. सळई घातली होती तिथं.

त्यानं मान वळवून उजेड खाली नेला. सळई गंजीत होती तशी होती. हातभर आत, बाकी बाहेर. आणि तो बघत असताना... ती आत जायला लागली.

कुणी धरलेली नव्हती.

आत जात होती. सावकाश. थोडी आत, मग जरा फिरायची... थोडी आत, मग जरा फिरायची. मनगट फिरवल्यासारखी. कडी डावीकडे वळायची, उजवीकडे वळायची. वीतभर राहिली. चार बोटं राहिली. मग कडीच उरली.

मग कडीही गेली.

वरून परत, "ढब्या... बापाचं ऐक... ये..."

खालून काहीच नाही. शब्द नाही. श्वास नाही.

ढब्या सांगतो, "मामा, तेवढ्यात मला कळलं. कसं कळलं माहीत नाही. खालचा बोलत नव्हता."

खालचा बोलत नव्हता. समजलं तुम्हाला? जो बोलत होता तो वर होता. आणि याचा बाप कामाच्या वेळी जन्मात बोलला नव्हता.

यानं हात सोडले. शिडीवरून पाठमोरा खाली पडला, शेणात. पडला तेवढ्यात गंजीनं सुस्कारा सोडला. हो, सुस्कारा. मधला भाग, पार शिडीच्या काठापर्यंत, खाली बसला. जिथे तो गुडघा टेकणार होता, तिथेच. माणूस उभा मावेल एवढं भोक, आणि भोकाच्या तळाशी लाल. नुसतं लाल. ज्वाळा नाही, धूर नाही... मग वरची हवा आत गेली, आणि मग सगळंच आलं.

पुढचं मी स्वतः बघितलं. त्यानं गाईंची दावी कापून त्यांना बाहेर हाकललं, बायकोनं पोरीला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, आणि मला फोन केला. "मामा, या," एवढंच. मी निघालो. सुताराचं घर वाटेत, त्याच्या दारावर काठी आपटली. तो तसाच उघडा धावत आला. कामाला वाघ आहे तो, नाही म्हणत नाही. आम्ही दाताळ्यांनी पेटतं गवत बाहेर ओढलं, बायको भिंतीवर पाण्याच्या बादल्या ओतत राहिली. आगीचा बंब आला तोपर्यंत गोठ्याचं छप्पर गेलं होतं. घर राहिलं. पोरीच्या खोलीची भिंत गोठ्याच्या बाजूनं एवढी तापली होती की पलीकडे लावलेल्या तिच्या चित्राचे कोपरे आत वळले होते.

उजाडता उजाडता तांबडी अंगणात व्याली. कालवड. ढब्या तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता, तेव्हा त्यानं मला हे सगळं सांगितलं. बायको ऐकत होती. गवत ओलं होतं, हेही त्यानं तिच्यादेखत सांगितलं. ती उठली, आत गेली, आणि त्याच्यासाठी चहा करून आणला. पण कप हातात दिला नाही, समोर जमिनीवर ठेवला. तेवढंच. बरेच दिवस तेवढंच.

सुतार हसला. म्हणाला, "धुरानं डोकं फिरतं माणसाचं. सळई कुठली आत जातेय! राखेत असेल."

"काढ मग शोधून," मी म्हटलं.

राख निवली तशी आम्ही ती चाळली. मी, ढब्या आणि तो शहाणा. सुतारानं कुठून तरी भलंमोठं लोहचुंबक आणलं. खिळे सापडले, कड्या सापडल्या, कुणाच्या तरी लहानपणीचं खेळण्यातलं चाक सापडलं. पुरुषभर लांबीची सळई सापडली नाही. लोखंड जळत नाही, पोरांनो. वितळायला लोहाराचा भाता लागतो.

"कुणीतरी भंगारात नेली," सुतार म्हणाला. बरं.

हिवाळा लागला. गवत विकत आणलं, खडखडीत, मी स्वतः मूठ मूठ चुरगळून बघितलं. अंगणात नव्या छपराखाली रचलं, घरापासून लांब. एके सकाळी मी आणि सुतार लाकडं फोडायला तिकडे गेलो. अशी थंडी की बादलीतलं पाणी गोठलेलं. ढब्या, बायको, पोरगी, तिघं आदल्या दिवसापासून तिच्या माहेरी गेलेली, गाईंना चारा घालायला किल्ली माझ्याकडे. घर बंद. चूल विझलेली, राख थंड, वर मांजर झोपलेलं.

मी कुऱ्हाड घ्यायला स्वयंपाकघराचं दार ओढलं. दारामागे...

खिळ्याला सळई.

कडी वर, टोक खाली. मेहुणे टांगायचे तशी.

मी सुताराला हाक मारली. तो आला, बघितली. बघतच राहिला. मी म्हटलं, हात लाव. त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

मग मीच उतरवली. टोक मनगटाला टेकवलं. आतल्या बाजूला, मेहुणे टेकवायचे तसं. कंदील जरा इकडे कर. हं. हा चट्टा दिसतोय? हा तेव्हाचा.

आणि टोकाला गवताची एक काडी चिकटली होती. मी नखानं सोडवली. हिरवी होती. ओली.

आता झोपा. सुतार त्या दिवसापासून गावभर सांगत फिरतो, की म्हाताऱ्यानंच चुलीत तापवून टांगली. मी! माझ्या सख्ख्या मेहुण्यांची सळई! चूल थंड होती ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, त्या चुलीवरचं मांजर उठवून त्यानंच खाली ठेवलं, आणि अंधार पडला की त्या घरावरून जायला नको म्हणून तोच आता लांबच्या वाटेनं घरी जातो. उद्या भेटला तर निरोप द्या. म्हणावं, आजोबांनी सांगितलंय, हात खिशातून काढ, आणि माफी माग. बाकी कुणाकडून काही येणं नाही माझं. त्या सुताराकडूनच.